दोन केबल जोडल्या, कॉपीचा वेग मात्र तोच : स्विचवरचं लिंक अ‍ॅग्रिगेशन

रंकाळवेस
मंडळी, नमस्कार. कोल्हापुरात आमचा व्हिडिओ एडिटिंगचा छोटा स्टुडिओ आहे, मुख्यतः लग्नं आणि स्थानिक जाहिराती. खालच्या मजल्यावर नॅस (सगळ्यांचं फुटेज ठेवायचा नेटवर्कवरचा डिस्कचा डबा), वरच्या मजल्यावर एडिटिंगची सहा मशीन. दोन्हीकडे एकेक मॅनेज्ड गिगाबिट स्विच. सीझनमध्ये सगळे एकदम फुटेज ओढायला लागले की टाइमलाइन अडखळते. म्हणून नॅसच्या दोन्ही पोर्टांतून खालच्या स्विचला दोन केबल टाकल्या आणि दोन स्विचच्या मध्येही एकाऐवजी दोन. दोन्हीकडे एलएसीपी लावलं, म्हणजे दोन टोकांनी आपसात बोलून केबलचा ग्रुप जुळवायची पद्धत. स्विचच्या पानावर दोन्ही ग्रुप 'अप' दिसतात, दिवे लुकलुकतात.

पण वरच्या मशीनवर ४० जीबीचं फोल्डर कॉपीला लावलं की वेग सेकंदाला ११२ एमबीच्या वर जात नाही. आधीही तेवढाच होता. सामान देणारा म्हणाला होता, "दोन केबल म्हणजे डबल स्पीड." कुठे काय राहिलं? एलएसीपी काढून स्टॅटिक (न बोलता, हाताने ठरवलेला ग्रुप) करून बघू? की हे सगळं सोडून २.५ गिगाबिटच्या मागे लागू?

बिनधास्त_बाळू
एकच प्रश्न. वरच्या मशीनला नेटवर्कची पोर्ट किती?

रंकाळवेस
एक. गिगाबिट.

बिनधास्त_बाळू
मग मालक, त्या एका पोर्टातून दोन गिगाबिट येणार कुठून? (ह. घ्या.)

चहाबाज
वाचतोय. आमच्याकडे वायफायचीच बोंब आहे, तरी वाचतोय.

शमी
बाळूने काडी टाकली असली तरी मुद्दा बरोबर आहे. सेकंदाला ११२ एमबी म्हणजे एक गिगाबिट केबल काठोकाठ भरलेली. त्या मशीनपुरतं तुमचं नेटवर्क उत्तम चाललंय.

पण मशीनला दोन पोर्ट असती तरी एका कॉपीला दुप्पट वेग मिळाला नसता. लिंक अ‍ॅग्रिगेशनमध्ये, म्हणजे अनेक केबलचा एक ग्रुप केल्यावर, स्विच फ्रेम (डेटाचे छोटे तुकडे) आळीपाळीने दोन केबलवर वाटत नाही. तसं केलं तर मागची फ्रेम पुढे पोचते. टीसीपीला, म्हणजे डेटा क्रमाने पोचतोय ना हे बघणाऱ्या यंत्रणेला, वाटतं मधली हरवली, ते पुन्हा मागवतं आणि वेग उलट पडतो. म्हणून २००० सालच्या ८०२.३एडी या मानकातच अट आहे की एका संभाषणातल्या फ्रेमचा क्रम बदलता कामा नये. (२००८ पासून हेच मानक ८०२.१एएक्स या क्रमांकाने चालतं. लोक अजून जुनंच नाव घेतात.) स्विच काय करतो, तर फ्रेममधला पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता घेऊन एक छोटं गणित करतो, त्याला हॅश म्हणतात. उत्तर येईल त्या केबलवर ती फ्रेम. पत्ते तेच तर उत्तर तेच, केबलही तीच.

फायदा दिसायचा तो दोन-तीन मशीन एकाच वेळी ओढायला लागल्यावर. तसं करून बघा आणि सांगा.

ओवी
शमी, साध्या माणसांसाठी सांगते. पंगतीला वाढपी दोन, पण नियम असा की एका पानावर एकच वाढपी. तुम्ही एकटेच जेवायला बसलात तर दुसरा नुसता उभा. पंगत भरली की दोघेही पळतात.

बिनधास्त_बाळू
आणि मठ्ठा संपला की दोघेही गायब.

शमी
ओवी, हेच पुढे नेतो, कारण खरी गोम इथेच आहे. कोणी कुठे वाढायचं हे ठरवायचा निकष चुकला तर भरल्या पंगतीतही एकच वाढपी घामाघूम होतो. @रंकाळवेस, स्विचच्या लॅग (लिंक अ‍ॅग्रिगेशन ग्रुप) किंवा लोड बॅलन्सच्या पानावर हॅशचा प्रकार काय निवडलाय?

रंकाळवेस
दोन्ही स्विचवर 'सोर्स मॅक'. बाकी पर्याय 'डेस्टिनेशन मॅक', 'सोर्स-डेस्टिनेशन मॅक', 'सोर्स-डेस्टिनेशन आयपी' असे दिसतात. मी तिथे हात लावलेला नाही, डबा उघडल्यापासून तेच आहे.

आणि चार मशीनवर एकदम कॉपी लावली. चौघांना मिळून ११५च्या आसपास, म्हणजे प्रत्येकी जेमतेम २८-२९. खालच्या स्विचच्या पोर्टांचे आकडे बघितले: २३ नंबरचं पोर्ट फुल, २४ वर जवळपास काहीच नाही.

शमी
सापडलं. मॅक म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता, आयपी म्हणजे नेटवर्कवर त्या मशीनला दिलेला पत्ता. सोर्स मॅक म्हणजे फक्त पाठवणारा कोण ते बघायचं. खालचा स्विच वरती जे पाठवतो ते सगळं कोणाचं? नॅसचं. नॅसची दोन पोर्ट एकत्र बांधली की त्यांचा मॅक अ‍ॅड्रेस एकच होतो. म्हणजे सहा मशीन मिळून ओढोत की साठ, वर जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमवर सोर्स तोच आणि केबलही तीच, २३ नंबर. उलट वरून खाली रेंडर सेव्ह करताना सोर्स प्रत्येक मशीनचा वेगळा, तेव्हा दोन्ही केबल वापरल्या जातील.

इथे बरेच जण अडखळतात. ग्रुप दोन टोकांचा असला तरी कुठली केबल घ्यायची हे पाठवणारी बाजू स्वतःपुरतं ठरवते. एलएसीपी फक्त ग्रुप कोणाकोणाचा हे जुळवतं, हॅश कुठला हे समोरच्याशी ठरवत बसत नाही. तुमच्याकडे निर्णय घेणारे तिघं आहेत: नॅस, खालचा स्विच, वरचा स्विच. दोन्ही स्विचवर 'सोर्स-डेस्टिनेशन आयपी' करा. नॅसमध्ये आत बहुतेक लिनक्सच असतं, तिथे बाँडिंगच्या (पोर्ट एकत्र बांधायच्या) सेटिंगमध्ये 'लेयर २+३' (मॅक आणि आयपी दोन्ही बघणारा हॅश) असं काही मिळालं तर तेही.

अण्णा_रॅकवाले
सिस्कोच्या जुन्या २९६० स्विचवरही डीफॉल्ट सोर्स मॅकच आहे. याची दुसरी बाजू राउटरपाशी दिसते. सर्व्हर एका व्हीलॅनमध्ये (स्विचवर पाडलेला नेटवर्कचा वेगळा कप्पा) आणि माणसं दुसऱ्या, मध्ये राउटर. राउटर पुढे पाठवताना प्रत्येक फ्रेमवर स्वतःचा मॅक लावतो, त्यामुळे मॅकवरच्या हॅशला तीनशे माणसंही एकच माणूस दिसतात. आयपीवर हॅश केला की प्रश्न मिटतो.

सिस्कोवाल्यांनी 'शो इथरचॅनल लोड-बॅलन्स' बघून घ्यावं (या ग्रुपला सिस्को इथरचॅनल म्हणतो). 'टेस्ट इथरचॅनल लोड-बॅलन्स' ही कमांडही आहे, दोन पत्ते दिले की ती फ्रेम कुठल्या पोर्टातून जाईल ते सांगते. फार कमी लोक वापरतात.

जुना_जाणता
एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडे सगळीकडे स्टॅटिक ग्रुप, सिस्कोच्या भाषेत मोड 'ऑन'. वाटाघाटी नाहीत, टायमर नाही. वर्षानुवर्षं चाललंय. एलएसीपी म्हणजे दोन स्विचनी उगाच एकमेकांना पत्रं लिहिणं.

शमी
त्या पत्रांचीच किंमत असते, जाणते. समोर नक्की तोच स्विच आहे ना आणि तो जिवंत आहे ना, हे त्यातूनच कळतं.

मीडिया_कन्व्हर्टर
माझ्या टोपणनावाला जागून लिहितो. एका कॉलेजच्या दोन इमारतींमध्ये फायबरच्या दोन जोड्या होत्या. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याच्या केबलची सांगड घालणारा डबा), आणि कन्व्हर्टरपासून स्विचपर्यंत साधी तांब्याची केबल. ग्रुप स्टॅटिक. ड्रेनेजच्या कामाला आलेल्या जेसीबीने एक फायबर उचकटला. आता गंमत बघा. फायबर तुटला, पण स्विच आणि कन्व्हर्टरमधली तांब्याची केबल शाबूत, त्यामुळे स्विचच्या दृष्टीने पोर्ट अप, दिवा हिरवा. स्टॅटिक ग्रुपला वाटणार सगळं आलबेल. तो अर्धी संभाषणं त्या मेलेल्या फायबरवर ढकलत राहिला.

ऑफिसात चित्र असं: एका मॅडमचं प्रवेशाचं सॉफ्टवेअर चालतंय, शेजारच्या टेबलावरच्या सरांचं नाही. सरांचं मशीन बदललं तरी नाही, कारण आयपी तोच दिला. एका मशीनवरून प्रिंटरला पिंग जातो, सर्व्हरला जात नाही, दुसऱ्यावर बरोबर उलटं. शिपायाने तर त्या खोलीला नारळ फोडायचं सुचवलं होतं. शेवटी गटातलं एक पोर्ट हाताने बंद केलं आणि सगळ्यांचं चालू झालं, तेव्हा कोडं सुटलं.

एलएसीपी असतं तर? प्रत्येक केबलवर ठरावीक वेळाने एक छोटी फ्रेम जाते. स्लो टायमरवर ३० सेकंदांनी एक, आणि ९० सेकंद काहीच आलं नाही की ती केबल ग्रुपमधून बाहेर. फास्ट टायमरवर सेकंदाला एक आणि ३ सेकंदांत बाहेर. मेलेला फायबर आपोआप वगळला गेला असता, नारळ वाचला असता.

चहाबाज
'माझं चालतंय, तुझं का नाही' हे आमच्या ऑफिसचं ब्रीदवाक्य आहे. आता संशय आला.

अण्णा_रॅकवाले
कन्व्हर्टर, +१. त्यात भर: स्टॅटिकचा दुसरा धोका लूपचा. एका बाजूला ग्रुप केला, दुसऱ्या बाजूला पोर्ट सुटी राहिली आणि केबल मात्र दोन्ही लावल्या, तर ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठी पाठवलेली फ्रेम) फिरून परत येऊ शकतं. स्पॅनिंग ट्री (स्विचमधली लूप तोडणारी यंत्रणा) ग्रुपला एकच केबल समजतो, त्यामुळे तो नेहमी वाचवेलच असं नाही. सिस्कोचा इथरचॅनल गार्ड अशा वेळी पोर्ट एरर-डिसेबल करतो, पण प्रत्येक स्विचला हे शहाणपण नसतं.

म्हणून माझ्या पोरांना घालून दिलेला क्रम: पोर्ट आधी शटडाउन. मग दोन्हीकडे 'चॅनल-ग्रुप १ मोड अ‍ॅक्टिव्ह'. व्हीलॅन, ट्रंक (अनेक व्हीलॅन एकाच केबलवरून नेणं) वगैरे जे काही असेल ते त्यानंतर, पोर्ट-चॅनलवर, सुट्या पोर्टांवर नाही. मग नो शट, म्हणजे पोर्ट पुन्हा चालू. नवीन काम असेल तर केबल सगळ्यात शेवटी. शेवटी 'शो इथरचॅनल समरी': पोर्टापुढे कंसात कॅपिटल पी म्हणजे पोर्ट गटात आलं, कॅपिटल आय म्हणजे ते एकटंच फिरतंय, स्मॉल एस म्हणजे निलंबित. निलंबित दिसलं की बहुतेक वेळा स्पीड, डुप्लेक्स, नेटिव्ह व्हीलॅन किंवा परवानगी दिलेल्या व्हीलॅनची यादी यातलं काहीतरी जुळत नसतं.

आणि दोन्ही टोकं 'पॅसिव्ह' ठेवू नका. पॅसिव्ह म्हणजे समोरचा बोलला तर मी बोलेन. दोघेही पहिले आप करत बसतात, ग्रुप होतच नाही.

जुना_जाणता
मान्य, फायबर आणि कन्व्हर्टर असेल तर एलएसीपी. पण स्टॅटिकला सरसकट वाळीत टाकू नका. व्हीएमवेअर म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर. त्याचा स्टँडर्ड व्हर्च्युअल स्विच एलएसीपी बोलतच नाही. तिथे 'आयपी हॅश' निवडलं तर समोरच्या स्विचवर मोड ऑनच लागतो. अ‍ॅक्टिव्ह ठेवून बघा, होस्ट (तो सर्व्हर) कसा गायब होतो ते.

शमी
हे खरं आहे. एलएसीपी हवं असेल तर डिस्ट्रिब्युटेड स्विच लागतो, त्याचं लायसन्स वेगळं. पण स्टँडर्ड स्विचवर मी ग्रुपच करत नाही. डीफॉल्टला प्रत्येक व्हीएम एका पोर्टला बांधलेली असते, समोर दोन साधी पोर्ट पुरतात.

म्युनिकचा_मोरू
धागा छान रंगलाय. थोडं अवांतर. या प्रकाराची मुळं 'कल्पना' नावाच्या कंपनीत आहेत. कॅलिफोर्नियात विनोद भारद्वाज यांनी ती एका भागीदारासोबत काढली आणि पत्नीचं नाव तिला दिलं. पहिला इथरनेट स्विच, इथरस्विच, त्यांनी १९९० मध्ये आणला. दोन स्विच अनेक केबलनी एकत्र बांधायचं तंत्र, इथरचॅनल, हेही त्यांचंच. १९९४ मध्ये सिस्कोने कंपनी घेतली, म्हणून आपण इथरचॅनल म्हटलं की सिस्को आठवतो.

बिनधास्त_बाळू
मी घरच्या वायफायला बायकोचं नाव दिलंय. पासवर्ड मात्र तिलाच माहीत.

ओवी
योग्य हाती आहे.

पिंपळपार
मोरूभाऊ, आमच्याकडे तीन केबलचा ग्रुप आहे आणि तिसऱ्या केबलवर नेहमी कमी ट्रॅफिक. केबल खराब म्हणून बदलली, तरी तेच. का?

म्युनिकचा_मोरू
केबल बिचारी चांगली असणार. बऱ्याच स्विचमध्ये, विशेषतः सिस्कोच्या जुन्या कॅटॅलिस्टमध्ये, हॅशचं उत्तर आठपैकी एका खणात पडतं आणि ते आठ खण केबलना वाटलेले असतात. तीन केबलमध्ये आठ खण वाटले की ३, ३ आणि २. तिसरीच्या वाट्याला दोनच. दोन, चार किंवा आठ केबल घ्या, वाटणी सारखी होते. एलएसीपीत सिस्को एका गटात १६ पोर्ट देऊ देतो, पण चालू ८च, उरलेली राखीव.

सावंतवाडीकर
मी नॅसचं एक पोर्ट एका स्विचला आणि दुसरं दुसऱ्याला लावणार होतो, म्हणजे एक स्विच मेला तरी चालू राहील. चालेल ना?

अण्णा_रॅकवाले
साध्या दोन स्विचवर नाही. एलएसीपीच्या फ्रेममध्ये स्विच आपली ओळख सांगतो. दोन केबलवर दोन वेगळ्या ओळखी दिसल्या की नॅस एकाच स्विचबरोबर ग्रुप करतो, दुसरी केबल बाजूला राहते. हे जमायला दोन स्विच एकच आहेत असं भासवावं लागतं: स्टॅक, किंवा एमलॅग, सिस्को नेक्ससवर त्याला व्हीपीसी म्हणतात. तुमच्या गरजेला नॅसवर 'अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप' लावा. एका वेळी एकच केबल चालते, ती गेली की दुसरी उचलते. स्विचवर काहीही करावं लागत नाही.

मीडिया_कन्व्हर्टर
@रंकाळवेस, तुमचा शेवटचा प्रश्न राहिलाच, २.५ गिगाबिटचा. माझं मत, एकेका एडिटरला वेग हवा असेल तर ग्रुपच्या नादी न लागता तोच मार्ग. ८०२.३बीझेड हे मानक २०१६ चं आहे आणि २.५ गिगाबिट साध्या कॅट ५ई केबलवर १०० मीटरपर्यंत चालतं, म्हणजे भिंती फोडायला नकोत. पण नॅस, दोन्ही स्विच आणि सहाही मशीनची कार्डं, सगळं बदलावं लागेल. अर्ध्यात थांबलात तर जिथे एक गिगाबिट उरेल तिथे पुन्हा ११२.

दुसरा उपाय एसएमबी मल्टिचॅनल. एसएमबी म्हणजे विंडोजची नेटवर्कवरून फायली देण्याघेण्याची पद्धत. विंडोज सर्व्हर २०१२ सोबत एसएमबी ३ आलं, त्यात एक कॉपी दोन कार्डांवर वाटता येते, कारण तिथे वाटणी स्विच करत नाही, फाइल पाठवणारं सॉफ्टवेअरच करतं. पण त्यासाठी मशीनलाही दोन कार्डं हवीत आणि नॅसची दोन पोर्ट सुटी हवीत, आपापल्या आयपीची, गटात बांधलेली नकोत. ग्रुप आणि मल्टिचॅनल एकत्र करू नका.

पिंपळपार
आणि डिस्क कुठल्या आहेत नॅसमध्ये? फिरणाऱ्या असतील तर सहा जण सहा ठिकाणचं फुटेज वाचायला लागले की हेड इकडून तिकडे पळतं. नेटवर्क रिकामं आणि डिस्क धापा टाकतेय असंही होतं. आधी नॅसच्या रिसोर्स पानावर डिस्क किती टक्के व्यस्त ते बघा.

चहाबाज
प्रॉक्सी बनवून एडिट का करत नाहीत लोक? हलक्या फायलींवर काम करा, फायनलला मूळ फुटेज जोडा.

रंकाळवेस
सगळ्यांचे आभार. आज स्टुडिओ रिकामा होता, म्हणून सगळं करून बघितलं.

दोन्ही स्विचवर 'सोर्स-डेस्टिनेशन आयपी' केलं. चार मशीनवर कॉपी लावली आणि २४ नंबरचं पोर्ट ढिम्म! परत तेच. मग मशीनचे आयपी बघितले: ११, १३, १५, १७. आधीच्या पोराने मशीनना विषम आणि प्रिंटर-टीव्हीला सम आकडे दिलेत. यात काही आहे का?

शमी
आहे की! काही स्विच दोन पत्त्यांचे फक्त शेवटचे बिट ताडून बघतात. दोनच केबल असतील तर अगदी शेवटचा एक बिट, म्हणजेच सम की विषम. नॅसचा आकडा ठरलेला, मशीन सगळी विषम, मग उत्तर सगळ्यांचं एकच. दोन मशीनना सम आकडे द्या.

रंकाळवेस
१३ चा १२ केला आणि १७ चा १६. लावलं आणि २४ नंबर जागा झाला. आता चौघांना मिळून २०० च्या वर, दोघे एका केबलवर आणि दोघे दुसरीवर, प्रत्येकी पन्नासच्या पुढे. सहाही लावले तर डिस्क ९० टक्क्यांच्या वर व्यस्त दिसते, म्हणजे पिंपळपार म्हणतात ती अडचण पुढे उभी आहेच. २.५ चं पुढच्या सीझनला बघू. त्याआधी एसएसडी कॅश आणि चहाबाजांची प्रॉक्सी.

अण्णा_रॅकवाले
झकास. आता एक केबल चालू कॉपीत उपटून बघा. कॉपी क्षणभर अडून पुढे जायला हवी. आणि दोन्ही स्विचवर कॉन्फिग सेव्ह करा. सेव्ह न करता वीज गेली की सगळं मूळपदावर.

रंकाळवेस
उपटून बघितली, टाइमलाइनला पत्ताही लागला नाही. सेव्हही केलं.

सावंतवाडीकर
शेवटचा प्रश्न, मग धागा सोडतो. आमच्या सोसायटीत ३२ कॅमेरे आहेत आणि ठेकेदार गेटजवळच्या स्विचपासून रेकॉर्डरपर्यंत चार केबलचा ग्रुप करायचा म्हणतोय. पैसे द्यावेत?

मीडिया_कन्व्हर्टर
प्रत्येक कॅमेरा ४ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, वरचे एमबी नव्हेत) धरा, ३२ चे १२८. एका गिगाबिट केबलचा आठवा हिस्सा. वेगासाठी ग्रुपची गरज शून्य. केबल तुटायची भीती असेल तर दुसरी घ्या, पण ती वेगळ्या पाइपातून न्यायला लावा. चारही एकाच पाइपातून गेल्या तर जेसीबीला एकच फावडं पुरतं.